उजव्या हाताची चिंधी

करडई वाळली की तिचा आवाज होतो. वारा नसला तरी होतो. बोंडं एकमेकांना घासतात आणि कोणीतरी कागद चुरगळत असल्यासारखं सारखं ऐकू येत राहतं. आमचं घर गावाच्या शेवटाला आहे, त्याच्या पुढं नुसती काळी रानं. माघ सरत आला की पहाटे रानाच्या बाजूनं मला तो आवाज येतो. यंदाही आला. दोन-तीन दिवसांनी माझ्या ध्यानात आलं, की आता आसपास कुठंच करडई नाही. आमची ओढ्याकाठची एक चिंचोळी पट्टी तेवढी आहे, आणि ती घरापासून इतकी लांब आहे की तिचा आवाज इथवर यायचा नाही. म्हणजे तो आवाज रानात नाही, माझ्यातच कुठंतरी राहून गेला आहे.

रूपाच्या एका वहीत हे लिहिते आहे. पुढच्या पानांवर तिनं माणसाच्या हाडांची चित्रं काढली आहेत आणि प्रत्येक हाडाला बाण काढून नाव दिलं आहे. अर्धी वही कोरी आहे. मी मागच्या बाजूनं सुरू केलं आहे, म्हणजे तिला तिची पानं लागली तर माझी आड येणार नाहीत.

रूपा माझी मुलगी. वीस वर्षांची आहे. गुलबर्ग्याला नर्सिंग शिकते. शिकत होती असं लिहायला हात होत नाही. संक्रांतीला घरी आली तेव्हा आम्हाला कळलं की दोन विषय राहिलेत आणि ते तिनं कितीतरी दिवस सांगितलं नव्हतं. चार दिवसांनी जाते म्हणाली. नंतर सोमवारी जाते म्हणाली. आता काहीच म्हणत नाही. आतल्या खोलीत खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून असते. पाडव्यानंतर तिची परीक्षा परत आहे. परीक्षेला ती बसली नाही तर वर्ष जाईल. एक वर्ष गेलं तर ती परत जायची नाही, हे तिच्या अण्णांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कळत नाही, मला कळतं. कारण त्याच खोलीत, त्याच भिंतीकडं तोंड करून मी पडले होते. दहा वर्षं झाली. तेव्हाही करडईचेच दिवस होते.

ज्यांनी करडई कापली नाही त्यांना ती कळत नाही. मार्गशीर्षात ती इतकी कोवळी असते की नखानं खुडावी. लसूण घालून तिची भाजी करतात, ज्वारीच्या भाकरीबरोबर लहान लेकरंही खातात. मग तिला फुलं येतात, आधी पिवळी, नंतर केशरी, आणि वाळताना लालसर. तोवर पानापानाला काटा आलेला असतो. ज्या पानाची भाजी खाल्ली तेच पान दोन महिन्यांनी बोटातून रक्त काढतं. गव्हाच्या, ज्वारीच्या कडेनं लोक मुद्दाम करडईचे तास, म्हणजे ओळी, घालायचे, कारण त्या काट्याला जनावर तोंड लावत नाही.

ऊन चढल्यावर करडई कापता येत नाही. काटा कडक होतो. पहाटे दव पडलेलं असतं तेव्हा तो थोडा नरम असतो, तेवढ्यात काम उरकायचं. बाया झुंजुमुंजू व्हायच्या आधी निघायच्या. जुन्या पँटचे पाय कापून पायात चढवायच्या, हाताला चिंध्या गुंडाळायच्या. एका हातात बेचक्याची काठी, तिनं झाड दाबून धरायचं, दुसऱ्या हातात विळा. डाव्या हाताची चिंधी आपली आपण बांधता येते. उजव्या हाताची दुसरीनं बांधायची असते. म्हणून करडईला कोणी एकटी जात नाही.

पण ते नंतरचं. आधी काजळीचं लिहायला पाहिजे.

माझं माहेर खजुरी, आळंद तालुक्यातलं. लग्न होऊन इकडं हळ्ळीखेडच्या बाजूला आले. माझे अप्पा वारले त्या वर्षी भावानं टेम्पोत घालून एक कालवड आणून सोडली. अप्पांनी जायच्या आधी सांगून ठेवलं होतं म्हणे, ही तिला द्या. देवणी जातीची होती, अंग पांढरं आणि तोंड काळं, काजळानं माखल्यासारखं. म्हणून काजळी. अप्पांच्या हाताची सवय असलेलं ते एकच जिवंत माझ्याजवळ होतं. ती माझ्या हाताला चाटायची तेव्हा मला वाटायचं, तिच्या जिभेला अजून खजुरीची चव असेल.

दिवाळीच्या पुढचे दिवस होते. ज्वारी काढून झाली होती, धसकटं रानात उभी होती. मध्ये एक पाऊस पडून गेला होता आणि नंतर पंधरा-वीस दिवस कोरडं ऊन. त्या धसकटांना बुडातून हिरवे फुटवे आले होते, वीतभर, लुसलुशीत. असल्या फुटव्याला जनावर सोडायचं नसतं. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत विष असतं, आमच्याकडं त्याला किरळ लागणं म्हणतात. हे आमच्यात पाच वर्षांच्या लेकरालाही माहीत असतं. मला अप्पांनी शिकवलं होतं. मला माहीत होतं.

मला माहीत होतं आणि मी दोरी सोडली.

कामून सोडली, हे मला आजही सांगता येत नाही. तुरीत खुरपत होते. ती बांधावर हंबरत होती. सातवा महिना होता तिला, भूक जास्त लागायची. मला वाटलं दोन घास खाईल, हिरवं दिसतंय, सुकलेलं नाही. परत खाली बघून खुरपायला लागले. मान वर केली तेव्हा ती थरथर कापत होती. पोट फुगलं होतं, तोंडाला फेस होता. मी ओरडले. शेजारच्या रानातून माणसं आली, कोणी गुळाचं पाणी आणायला पळालं. पाणी यायच्या आधीच ती आडवी झाली. पोटातलं वासरू मात्र तिच्यानंतरही थोडा वेळ हललं. ते मी हात लावून बघितलं. ते बघायला नको होतं.

रूपाचे अण्णा बोलले नाहीत. "गेली ती गेली," एवढंच म्हणाले आणि खड्डा खणायला गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. सासूबाई मात्र बोलल्या. "खजुरीचीच गाय आन् खजुरीचीच लेक. कुटं तोंड घालावं ते दोघींलाबी कळंना." त्या वाईट नव्हत्या. त्यांनाही काजळीचा लळा होता. पण ते वाक्य माझ्या आत जाऊन बसलं आणि उठेना.

त्यानंतर मी एकदम पडले नाही. लोकांना वाटतं माणूस एकदम पडतं. तसं नसतं. आधी मी झाडू हातात घेऊन उभी राहायचे आणि कुठून झाडायचं ते कळायचं नाही. चुलीवर पाणी ठेवायचे, ते आटून जायचं. मी समोरच बसलेली असायचे, बघत असायचे, पण उठून पातेलं उतरावं हे हातापर्यंत पोचायचं नाही. मग केस विंचरायचे राहिले. मग अंघोळ. येळवसला, मार्गशीर्षाच्या अमावास्येला, सगळं गाव रानात जेवायला गेलं, कडब्याची खोप केली, भज्जी, आंबील सगळं झालं. मी घरी राहिले. आमच्या रानातल्या खोपीच्या वाटेवरच काजळीला पुरलं होतं. त्या दिवसापासून मी खाटेवरून उठणं सोडलं.

रडू येत नव्हतं. ते सगळ्यांत वाईट होतं. छातीत ओल्या मातीचं ढेकूळ ठेवल्यासारखं वाटायचं, ना फुटत होतं ना विरघळत होतं. भिंतीचा चुना एका ठिकाणी पडला होता, तिथं खालची माती दिसायची. त्या डागाकडं बघत दिवस जायचा. आपण मरावं असंही नीट वाटायचं नाही. तेवढंही करायला माणसाला उठावं लागतं.

घरच्यांनी केलं ते केलं. एका दर्ग्यातून ताईत आणला. हुमनाबादच्या डॉक्टरनं रक्त कमी आहे म्हणून लाल गोळ्या दिल्या. शेजारची म्हणाली, "बाहेरचं कायतरी लागलंय, काळ्या तोंडाची गाय व्हती ती." मी सगळं ऐकत होते. सगळं लांब कुठंतरी, ओढ्यापलीकडं बोलल्यासारखं ऐकू यायचं.

आणि रूपा दहा वर्षांची होती.

आमच्या गावच्या मराठी शाळेत चौथीपर्यंतच होतं. मीही माहेरी चौथीच शिकले. पाचवीला दुसऱ्या गावाला जावं लागायचं आणि तिथं सगळं कानडी. अप्पा म्हणाले, बास झालं. मी काही बोलले नाही. बोलायची सवयच नव्हती. पण रूपा झाली तेव्हा मी मनात एक धरलं होतं, हिला पाचवीत पाठवायचं. बाकी काही मागायचं नाही. ती कानडी शाळेत पाचवीला गेली, रोज दुसऱ्या मुलींबरोबर हळ्ळीखेडला चालत. आणि त्याच वर्षी मी पडले.

सासूबाईंची बोटं वातानं वाकडी झालेली, त्यांना भाकरी थापता यायची नाही. म्हणून रूपा थापायला लागली. आधी सकाळची करून शाळेला जायची. मग उशीर व्हायला लागला, मग जाणंच बंद झालं. मी खाटेवरून, उघड्या दारातून तिला बघायचे. परातीपुढं गुडघे टेकून, दोन्ही हात पिठात घालून. भाकरी एका बाजूनं जाड, एका बाजूनं फाटलेली. तव्याला हात लागला की ती ओरडायची नाही, बोट तोंडात घालायची आणि माझ्याकडं बघायची. मी जागी आहे का ते बघायची. मी डोळे मिटून घ्यायचे.

हे मी कोणाला सांगितलं नाही. डोळे मिटून घ्यायचे मी.

तिचं दप्तर खुंटीला होतं. एक दिवस शाळेतून निरोप आला, पंधरा दिवसांत पोरगी आली नाही तर परीक्षेला बसवणार नाहीत. तिच्या अण्णांनी मला येऊन सांगितलं. खाटेपाशी उभे राहिले, थोडा वेळ वाट बघितली, निघून गेले. मी ऐकलं होतं. मला कळलंही होतं. कळणं आणि उठणं यांच्यामध्ये किती मोठं रान असतं, ते ज्याला ओलांडावं लागलं त्यालाच माहीत.

तेव्हा नागाक्का आली.

नागाक्का करडई कापणाऱ्या बायांची पुढारीण. वयानं पन्नाशीची, उंच, तोंडात सदा तंबाखू. कानडी आणि मराठी एकाच वाक्यात बोलायची. आमच्या घरावरून बायांची वाट होती. तोवर ती कधी आमच्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. त्या पहाटे सरळ खाटेपर्यंत आली.

"ए खजुरीवाले, जागी हायस का?"

मी हललेही नाही.

"जागी हायस. हात काढ भायेर. ही चिंधी बांध. पोरी पुढं गेल्या, मला एकलीला उजवी बांधता येईना."

तिनं हात माझ्या तोंडापुढं धरला. काळा, भेगाळलेला, त्यावर जुन्या धोतराची पट्टी लोंबत होती. मी बांधली. पडल्या पडल्या बांधली. ती निघून गेली. कशी आहेस, उठ, लेकरू बघ, असलं काही नाही. मला बरं वाटलं, कारण त्या सगळ्याला उत्तर द्यावं लागतं.

दुसऱ्या दिवशी परत आली. सासूबाई म्हणाल्या, "कामून तरास देतीस गं तिला? ती उठंना झालीया."

"उठू नको म्हणा की! पडूनच बांधू दे," नागाक्का म्हणाली. "मला चिंधी बांधून घ्यायचीय आत्या, तिची वरात न्हाई काढायची."

तिसऱ्या दिवशी बांधली. चौथ्या दिवशी ती आली आणि तळहातच दाखवला. चार-पाच ठिकाणी काटे रुतून काळे झाले होते.

"काल काय झोपेत बांधलीस का? बांधापाशी पोचायच्या आत सुटली. हा हात गेला तर माझ्या घरी भाकरी कोन थापणार, तू?"

चुलीपुढून रूपा म्हणाली, "मी थापून देते की नागाक्का. मला आता येत्यात."

नागाक्कानं तिच्याकडं बघितलं. मग खुंटीवरच्या दप्तराकडं बघितलं. हात पुढं केला. मी त्या दिवशी खाटेवर उठून बसले आणि गाठ दोन्ही हातांनी आवळली. गाठ नीट बसावी म्हणून बसले, दुसरं काही कारण नव्हतं. पण बसले.

पाचव्या दिवशी मी ती यायच्या आधी जागी होते. अंधारात कान लावून होते. काजळी गेल्यापासून मी कशाचीच वाट बघितली नव्हती, आणि आता एका बाईच्या पँट चढवलेल्या पायांच्या फसक-फसक आवाजाची बघत होते. त्यानंतर दोन दिवस ती दोन्ही हात पुढं करायची. "डावी बी बांध आता. तुझ्या हाताला गाठ बसायलीय." आणि आठव्या दिवशी येताना दोन चिंध्या जास्त घेऊन आली.

"रोज तूच बांधतीस. मला जमतंय का बघू. आण हात."

मी हात दिला. आपला हात दुसऱ्याच्या हातात देऊन बसणं, आणि त्यानं तो गुंडाळणं. इतक्या महिन्यांत मला कोणी हात लावला नव्हता, म्हणजे मीच लावू दिला नव्हता. ती गाठ मारत होती आणि माझी नजर तिच्या कानातल्या वाळीवर होती. मी उठले. चप्पल कुठं आहे ते मला आठवेना. रूपानं आणून दिली.

कोपऱ्यावर तिघी बाया उभ्या होत्या. पोरी पुढं गेल्या म्हणायची ना, त्या कुठंच गेल्या नव्हत्या. रोज तिथंच थांबायच्या. मला बघून एकीनं तोंडाला पदर लावला. "आगं बाई, नवरी आली! मुंडावळ्या हातालाच बांधून आली." सगळ्या हसल्या. मी हसले नाही, पण पाय मागं घेतला नाही.

रानात गार होतं. करडई दवानं काळपट ओली झालेली. बेचक्यानं दाबायची, विळा घालायचा, ओढायची. अंगात जोर नव्हता, चार ओळी झाल्या नाहीत की धाप लागली. चिंधीतूनही काटा घुसतोच. एक अंगठ्याच्या बुडाशी गेला, खोल, आणि मी तिथंच खाली बसले. आणि रडू आलं. चार महिने न आलेलं रडू त्या एवढ्याशा काट्यानं आलं. तोंड उघडं टाकून, लहान लेकरासारखं. बाया थांबल्या. नागाक्का काठी टेकून माझ्या पुढ्यात उभी राहिली, इतरांना मी दिसू नये अशी.

"रड. कुनी इचारलं तर काट्याचं नाव सांग."

दुसऱ्या पहाटे मी सगळ्यांच्या आधी उठले आणि चूल पेटवली. पहिली भाकरी जळाली. दुसरी परातीतच मोडली. रूपा उठून दारात उभी होती, केस विस्कटलेले, बघत होती. तिच्या हातांना काम नव्हतं. मग तिनं विचारलं, "आई, मंग आज मी काय करू?"

दहा वर्षांच्या पोरीनं हे विचारावं. मी तव्याकडं बघूनच म्हणाले, "शाळेला जा." तिनं लगेच दप्तर घेतलं नाही. आधी खुंटीपाशी गेली, मग परत येऊन माझ्याकडं बघितलं, खरंच का, असं. मी भाकरी उलथली. मग ती गेली. निरोपाचे पंधरा दिवस भरायला दोन दिवस राहिले होते. परीक्षेला बसली, आणि काठावर का होईना, सहावीत गेली.

मी बरी झाले असं लिहिणार नाही. करडई झाली, मळली, ती हंगामी गडबड संपली, आणि उन्हाळ्यात पुन्हा काही दिवस पाण्याचं पातेलं आटलं. अजूनही आटतं. रिकाम्या गोठ्यातला खुंटा आम्ही काढला नाही, आणि तिथं दुसरं जनावर बांधलं नाही. ज्वारीच्या फुटव्याचा तो हिरवा रंग दिसला की मी पदर तोंडावर घेते. फक्त एवढं कळलं, की पडल्यावर सगळं रान एकदम डोळ्यापुढं आणलं तर उठता येत नाही. एक गाठ मारता येते. पडून सुद्धा मारता येते.

नागाक्काला हे कधी सांगितलं नाही. सांगायचं म्हणून दोनदा तिच्या घरापर्यंत गेले आणि हळदीकुंकवाचं निमित्त सांगून परत आले. तीन वर्षांपूर्वी ती गेली, ऐन उन्हाळ्यात. माती देऊन आल्यावर तिच्या सुनेजवळ बसले होते. सून तिच्या सासूच्या गोष्टी सांगत होती. सांगता सांगता म्हणाली, "लई खमकी व्हती आमची आत्या. करडईला जाताना उजव्या हाताची गाठ सुदिक दातानं मारायची. लगीन झाल्यापासून बघतेय, कुनाला हात लावू दिला न्हाई."

मी उठून बाहेर आले. लोकांना वाटलं, ऊन लागलं.

आता करडई कोणी फारशी घालत नाही. घातली तर मशीन येतं, तासाभरात कापून, बी वेगळं करून जातं. बायांची टोळी राहिली नाही. आमची ओढ्याकाठची पट्टी अरुंद आहे, तिथं मशीन वळत नाही. रूपाचे अण्णा म्हणाले, राहू दे, शेळ्यावाला कुंपणाला उपटून नेईल. मी म्हणाले, मी कापते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी चिंध्या शोधायला आत गेले.

पहिल्या पहाटे चिंध्या घेऊन रूपाच्या खाटेपाशी गेले. डावी बांधली होती. उजवा हात पुढं केला.

"रूपा, बांध की गं एवढी."

ती भिंतीकडंच तोंड करून म्हणाली, "आई, मला म्हाईत हाय तू काय करायलीस."

मी हात तसाच पुढं धरला.

"नागाक्काचं नाटक माझ्यासंगं करू नको. ती गोष्ट तूच सांगितलीस मला. मी तेवढी येडी न्हाई."

बरोबर होतं तिचं. मीच सांगितली होती, ती गुलबर्ग्याला गेली त्या वेळी, धीर यावा म्हणून. गोष्ट सांगून टाकली की ती कामाची राहत नाही, हे मला कळलं नव्हतं. मी चिंधी तशीच लोंबत घेऊन रानात गेले. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "दातानं बांध की. नागाक्का बांधायची तशी." आवाजात चीड होती. मला ती चीड बरी वाटली. निदान काहीतरी होतं.

भिंतीवरचा तो डाग आता दिसत नाही, मध्ये रंग दिला. पण ती कुठं बघते ते मला माहीत आहे. खाटेवरून बघितलं तर नजर तिथंच जाते. कधीकधी वाटतं, हे तिच्यात माझ्याकडूनच गेलं. दहा वर्षांची असताना ती चुलीपुढून माझ्याकडं बघायची आणि मी डोळे मिटायचे, तेव्हा गेलं. आता मी दारात उभी राहून बघते आणि ती डोळे मिटते. माझा राग येत असेल तर तो कुठल्या वर्षाचा आहे, तेही कळत नाही.

दातानं गाठ मारून बघितली मी. जमत नाही. वरचे दोन दात गेल्या वर्षी काढले, पकडच बसत नाही. हे रूपाला सांगितलं नाही, नाटक वाटेल म्हणून.

आज पाचवा दिवस. आज तिच्याकडं गेले नाही. चिंधी मनगटाला नुसती गुंडाळून रानात गेले. पट्टीच्या मध्यावर जाईपर्यंत ती सुटली. थांबले नाही, उघड्या हातानं कापत राहिले. ऊन चढलं, काटा कडक झाला. संपवूनच आले. पेंढ्यांवर दगड ठेवले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून.

घरी आले तेव्हा तळहात भरून आला होता. काटे डाव्या हातानं काढायला बघितले. त्या हाताला सुई नीट धरवत नव्हती, डोळ्यालाही जवळचं नीट दिसत नाही. अंगणात बसून तीनदा बघितलं. मग आत गेले, रूपाच्या खाटेच्या कडेला टेकले. सुई तिच्या उशापाशी ठेवली.

"निघंनात गं माझ्यानं," म्हणाले. खरंच निघत नव्हते.

माझा हात मांडीवर उताणा पडला होता आणि मी उठत नव्हते, कारण उठून कुठं जायचं होतं? मग तिनं मान वळवली. आधी हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"चिंधी कुटं हाय?"

"सुटली."

"उजेडाकडं सरक," ती म्हणाली.

उठून बसली. केसांची गाठ मागं सारली. माझा हात आपल्या गुडघ्यावर घेऊन खिडकीकडं वळवला आणि सुई काडीच्या जाळावर धरून आणली, शिकवलेलं असतं तसं. तिचे हात गरम होते. एक काढला, दोन काढले, चार काढले. प्रत्येक काटा ती वहीच्या पुठ्ठ्यावर ठेवत गेली. शेवटचा अंगठ्याच्या बुडाशी होता. तो तुटला. तिनं दोनदा उकरून बघितलं, रक्त आलं तशी थांबली.

"खोल गेलाय. आता नको," म्हणाली. "उद्या बघू."

सुई उशाखाली ठेवली आणि परत आडवी झाली. तोंड भिंतीकडं होतं.

दुपार झाली आहे. अंगणात लिहायला बसले आहे. लेखणी अंगठ्यावर टेकली की तो काटा टोचतो. उकरून काढला तर कदाचित निघेलही. मी त्याला हात लावत नाही. उद्यापर्यंत राहू दे.